किलोमागे किती रुपये? घरच्या कार्बनचा जमाखर्च

पर्यावरणासाठी काही करायचे म्हटले की आपल्याकडे दोन टोके दिसतात. एकीकडे चार्जर प्लगमधून काढण्याचे सल्ले, दुसरीकडे छपरावर सोलर बसवण्याचे लाखाचे अंदाजपत्रक. मधल्या माणसाला प्रश्न पडतो तो साधाच: माझ्या घरात नेमके काय केल्याने किती फरक पडेल आणि त्याला किती पैसे लागतील? या लेखात तोच हिशेब मांडला आहे. उपदेश कमी, आकडेमोड जास्त.

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, खालचे दर अंदाजे आणि गोल धरले आहेत: वीज सरासरी १० रुपये युनिट, पेट्रोल १०५ रुपये लिटर, घरगुती सिलिंडर ९०० रुपये. तुमच्या गावचा दर वेगळा असेल तर तो घालून पुन्हा गुणाकार करा. मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानीचे दर महावितरणपेक्षा वेगळे आहेत. गोव्यात वीज बरीच स्वस्त आहे, त्यामुळे तिथे वीज वाचवणाऱ्या वस्तूंचे पैसे वसूल व्हायला जास्त वर्षे लागतील.

हे तीन आकडे पाठ करा

घरच्या कार्बनचा मोठा भाग तीन बिलांतून बाहेर पडतो. प्रत्येकाचा एकच आकडा लक्षात ठेवला की पुरे.

वीज: १ युनिट म्हणजे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडसाठी दरवर्षी हा आकडा काढते. आपली बहुतांश वीज अजून कोळशावर होते, म्हणून तो एवढा मोठा आहे.

पेट्रोल: १ लिटर म्हणजे सुमारे २.३ किलो. डिझेलचे लिटरला २.७ किलो.

गॅस: १४.२ किलोचा एक सिलिंडर म्हणजे सुमारे ४२ किलो.

आता यांना पैशांशी जोडून पाहा. विजेत एक किलो कार्बन वाचवला की खिशात साधारण १४ रुपये राहतात, गॅसमध्ये २१ आणि पेट्रोलमध्ये ४५. म्हणजे पेट्रोल वाचवणे खिशाला सगळ्यांत मानवते. पण खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे सगळ्यांत जास्त धूर सोडते ती वीज. कुठे हात घालायचा हे ठरवताना या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर हव्यात.

एक नमुना घर

पुण्याच्या उपनगरातले चौघांचे कुटुंब धरू. महिन्याला २२० युनिट वीज, वर्षाला ९ सिलिंडर, एक स्कूटर वर्षाला ७,००० किलोमीटर आणि एक पेट्रोल मोटार वर्षाला ६,००० किलोमीटर. हिशेब असा होतो:

- वीज: २,६४० युनिट, २६,४०० रुपये, १,८५० किलो
- गॅस: ९ सिलिंडर, ८,१०० रुपये, ३८० किलो
- स्कूटर: लिटरला ४५ किलोमीटरने १५५ लिटर, १६,३०० रुपये, ३६० किलो
- मोटार: लिटरला १५ किलोमीटरने ४०० लिटर, ४२,००० रुपये, ९२० किलो

एकूण ९३ हजार रुपये आणि साडेतीन टन. यात अन्न, कपडे, सिमेंट, मोबाइल, विमान काहीच धरलेले नाही. भारताची दरडोई सरासरी वर्षाला सुमारे दोन टन आहे, जगाची त्याच्या दुपटीहून जास्त. आपली सरासरी कमी दिसते कारण त्यात ज्यांच्या घरी मोटार आणि एसी नाहीत अशी कोट्यवधी कुटुंबेही मोजलेली असतात. हा लेख वाचणारे बरेच जण त्या सरासरीच्या वरच असणार.

तुमचे घर कुठे बसते हे बघायला अर्धा तास पुरतो. वर्षभराची वीजबिले, गॅसच्या पावत्या आणि गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर एवढेच लागते.

आधी वीजबिल नीट वाचा

महावितरणचे बिल हातात घेतले की बहुतेकांची नजर थेट शेवटच्या रकमेवर जाते. वरच्या ओळी वाचण्यासारख्या असतात: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार तुम्ही दिवा लावला नाही तरी भरावाच लागतो. बाकीचे सगळे युनिटवर चढते.

वीज आकार टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्याचा दर दुपटीहून जास्त आहे. वाचवलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होते, म्हणजे तुमच्या सगळ्यांत महाग युनिटातून. म्हणून २२० युनिटवाल्या घराची सरासरी १० रुपये असली तरी वाचलेल्या युनिटची किंमत त्याहून जास्त असते. उन्हाळ्यात ३२० वर जाणाऱ्या घराने २० युनिट कमी केले तर बिलात दिसणारा फरक अपेक्षेपेक्षा मोठा असतो. या लेखात सगळीकडे १० रुपयेच धरले आहेत, म्हणजे हिशेब हात राखून केला आहे.

स्मार्ट मीटर बसला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. महावितरणने जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत सुरू केली. वॉशिंग मशीन, इस्त्री आणि पाण्याचा पंप त्या वेळेत चालवा. दिवसा ग्रिडमध्ये सौर वीज जास्त असते, त्यामुळे त्या युनिटमागचा धूरही थोडा कमी असतो.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी

*सेट-टॉप बॉक्स.* रिमोटने टीव्ही बंद केला तरी डबा जागाच राहतो. अनेक डबे बंद अवस्थेतही साधारण १० वॉट घेतात. २४ तास, ३६५ दिवस म्हणजे ८७ युनिट: ८७० रुपये आणि ६० किलो. भिंतीवरचे बटण बंद करा. याउलट मोबाइल रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला आठ-दहा युनिटच लागतात. चार्जरच्या मागे लागण्यापेक्षा डब्याकडे बघा.

*गिझर.* २० लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला ०.४ युनिट लागते. चौघांच्या अंघोळीला १.६ युनिट. गिझर दिवसभर चालू ठेवला तर पाणी थंड होत राहते आणि यंत्र ते पुन्हा तापवत राहते. जुन्या गिझरमध्ये यात अर्धे-पाऊण युनिट रोज सहज जाते. अंघोळी एकापाठोपाठ उरका आणि बटण बंद करा. वर्षाला १५० युनिट, दीड हजार रुपये, १०५ किलो.

*एसीचा आकडा.* १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चालू केल्यावर आपोआप २४ अंशांवर येतात. तो आकडा खाली ओढू नका. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले की साधारण ६ टक्के वीज वाचते. २६ अंश आणि सोबत मंद पंखा हे १८ अंश आणि अंगावर गोधडी यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे.

*कुकर.* इथे आपल्या आया-आज्यांचे शास्त्र पक्के आहे. खाली वरण, मध्ये भात, वरच्या डब्यात बटाटे, सगळे एकाच वेळी. डाळ अर्धा तास भिजवलेली असावी, कडधान्य रात्रभर. पहिली शिट्टी झाली की आच मंद. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली तर ती हवा तापवते, भांडे नाही. ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नरची भोके साफ करून घ्या. पस्तीस दिवस पुरणारा सिलिंडर चाळीस दिवसांवर गेला तर वर्षाला सव्वा सिलिंडर वाचतो: अकराशे रुपये, ५५ किलो.

*टायरमधली हवा.* पेट्रोल पंपावर फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळते. हवा कमी असली की ॲव्हरेज घसरते. पंधरा दिवसांतून एकदा तपासा.

काही हजारांच्या गोष्टी

*बीएलडीसी पंखा.* साधा छताचा पंखा ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी ३० ते ३५. किंमत अडीच ते साडेतीन हजार, साध्यापेक्षा साधारण हजार-दीड हजार जास्त. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६० युनिट वाचतात: १,६०० रुपये आणि ११० किलो. चालू पंखा काढून नवा लावला तरी दोन वर्षांत पैसे सुटतात. मात्र सगळे पंखे एकदम बदलू नका. झोपायच्या खोलीतला आणि बैठकीतला आधी. पाहुण्यांच्या खोलीत महिन्यातून दोनदा फिरणारा पंखा बिघडेपर्यंत राहू द्या. विकत घेताना रिमोट हरवला तर भिंतीवरच्या बटणाने वेग बदलता येतो का आणि सर्किटची वॉरंटी किती हे विचारा. या पंख्यांची मोटर टिकते, जाते ते सर्किट.

*एसी.* दुकानात विक्रेता तारे मोजून दाखवतो. तुम्ही लेबलावरच्या दोन गोष्टी वाचा. एक, वर्षाला लागणारी युनिट. हा आकडा १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. दोन, लेबल कोणत्या कालावधीचे आहे. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलाचे पाच तारे नव्या लेबलावर कमी भरू शकतात.

दीड टनाच्या तीन आणि पाच तारांकित एसीत लेबलावर दोनशेच्या आसपास युनिटचा फरक दिसतो आणि किमतीत सहा ते दहा हजारांचा. आता स्वतःचा वापर मोजा. मुंबई, नागपूर किंवा जळगावात वर्षाला पाच-सहा महिने रोज आठ-दहा तास एसी चालत असेल तर लेबलाचे १,६०० तास गाठले जातात. वर्षाला दोन हजार वाचतात आणि पाच तारे चार-पाच वर्षांत परवडतात. पुण्यात किंवा नाशकात फक्त एप्रिल-मे, तेही रात्रीपुरता लावत असाल तर ६०० तासही होत नाहीत. बचत साडेसातशे रुपयांवर येते. तिथे तीन तारे पुरे. उरलेल्या पैशांत दोन पंखे येतात आणि ते वर्षभर वीज वाचवतात.

एसीचा दुसरा धूर बिलात दिसतच नाही. यंत्रातला वायू गळला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट उष्णता अडकवतो: आर-३२ हा ६७५ पट, जुन्या यंत्रातला आर-२२ सुमारे १,८०० पट, आर-४१०ए दोन हजारांहून जास्त पट. म्हणजे आर-४१०एचा एक किलो वायू हवेत गेला की दोन टन. आपल्या नमुना घराच्या वर्षभराच्या विजेपेक्षाही जास्त. मेकॅनिक दर उन्हाळ्यात 'गॅस कमी झालाय, भरून देतो' म्हणत असेल तर त्याला थांबवा. बंद नळीतला वायू वापरून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. आधी साबणाच्या पाण्याने किंवा नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायला सांगा, ती बुजवायला सांगा, मग वायू भरा. दोन-अडीच हजारांचा वार्षिक खर्चही त्यानेच थांबेल. यंत्र काढताना किंवा दुसऱ्या घरी हलवताना नळी सोडण्याआधी वायू बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला लावा. पाच-दहा मिनिटांचे काम असते, घाईत ते टाळले जाते.

*कूलर.* विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरला तोड नाही. दीडशे-दोनशे वॉटमध्ये तो खोली थंड करतो, दीड टनाचा एसी भर उन्हात हजार-बाराशे वॉटच्या पुढे घेतो. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ओल साचते. कोकणात आणि मुंबईत हवेतच दमटपणा असल्याने कूलर घेऊन उपयोग नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर उन्हाळ्याआधी गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या. खर्च थोडा, पण खालच्या खोलीत फरक जाणवतो.

*सोलर वॉटर हीटर.* रोज १०० लिटर गरम पाण्याच्या नळ्यांच्या यंत्रणेला साधारण २० ते २५ हजार लागतात. पावसाळा वजा करता वर्षाला पाचशे-साडेपाचशे युनिट वाचतात: पाच हजार रुपये, साडेतीनशे किलोच्या पुढे. चार-पाच वर्षांत वसुली. बोअरवेलचे जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात, त्यामुळे वर्षातून एकदा सफाईचे पैसे बाजूला ठेवा. पुण्यासह काही महापालिका अशा यंत्रणेवर मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देतात. ती चालू आहे का हे तपासले जाते, नुसती बसवून भागत नाही.

प्रवास: खिशाला सर्वांत जवळचा

एका माणसाला एक किलोमीटर नेण्याचा हिशेब पाहा. एकट्याने मोटार: १५५ ग्रॅम, ७ रुपये. सीएनजी मोटार: ११० ग्रॅमच्या आसपास. पेट्रोल स्कूटर: ५० ग्रॅम, सव्वादोन रुपये. इलेक्ट्रिक स्कूटर: २५ ग्रॅम, ३५ पैसे. लिटरला पाच किलोमीटर जाणारी, चाळीस माणसे बसलेली एसटी: १४ ग्रॅम.

म्हणजे कोळशाच्या विजेवर चालूनही इलेक्ट्रिक स्कूटर निम्मा धूर सोडते आणि भरलेली लालपरी तिलाही मागे टाकते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. नवरा-बायको आणि आजी असे तिघे गावाला निघाले तर दीड तिकिटात काम होते.

पुणे-मुंबई हा नेहमीचा प्रवास घ्या. एकट्याने मोटारीने १५० किलोमीटर, १० लिटर पेट्रोल, १,०५० रुपये आणि द्रुतगती मार्गाचा ३२० रुपये टोल. धूर २३ किलो. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या आरक्षित खुर्चीला सव्वाशे रुपयांच्या आत-बाहेर आणि धूर मोटारीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. चौघे मोटारीत बसले तर माणशी सहा किलोच्या खाली येते, मग मोटारीला नावे ठेवायचे कारण उरत नाही. रिकाम्या सीट हाच खरा खर्च आहे.

*इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का?* रोजचे २५ किलोमीटर असतील तर हो. वर्षाला ७,५०० किलोमीटरचे पेट्रोल १७,५०० रुपये, वीज अडीच-तीन हजार. पेट्रोल स्कूटरपेक्षा किंमत दहा ते पंचवीस हजारांनी जास्त धरली तरी दीड-दोन वर्षांत फरक भरून निघतो. घेण्याआधी तीन गोष्टी नक्की करा: पार्किंगमध्ये तुमच्या मीटरवरून प्लग घेता येतो का, बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, आणि तुमच्या गावात दुरुस्ती केंद्र आहे का. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणातली सवलत बिलात प्रत्यक्ष वजा होते का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. रोज पाच किलोमीटरच जाणाऱ्याने मात्र जुनी गाडी चालवावी. त्याला सायकलही पुरेल.

*इलेक्ट्रिक मोटार?* किलोमीटरला साडेपाच रुपये वाचतात. वर्षाला ६,००० किलोमीटरवर ३३ हजार. किमतीतला फरक तीन-चार लाख असेल तर दहा वर्षे लागतील. बॅटरी बनवतानाही बराच धूर झालेला असतो, तोही कमी वापरात लवकर फिटत नाही. वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर जाणाऱ्याने घ्यावी, रविवारी बाहेर काढणाऱ्याने नाही.

*विमान.* मुंबई-दिल्ली जाऊन-येऊन माणशी दोनशे किलोच्या आसपास. चौघांच्या कुटुंबाचे आठशे. म्हणजे १९ सिलिंडर, नमुना घराचा दोन वर्षांचा स्वयंपाक. रात्रीच्या राजधानीने जाता येत असेल तर एका प्रवासात जेवढे वाचते तेवढे पाच पंखे बदलूनही एका वर्षात वाचत नाही.

ताट आणि कचरा

इथे पैसे वाचवायला फार जागा नाही, पण हवा वाचवायला आहे. जागतिक सरासरीने एक किलो मटणामागे वीस किलोहून जास्त उत्सर्जन होते, चिकनमागे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतके, डाळी-कडधान्यांमागे एक-दोन किलो. तांदळामागे चारच्या आसपास, कारण पाणी साचलेल्या भातखाचरांतून मिथेन निघतो. दर रविवारचे एक किलो मटण एकाआड रविवारी आणले तर वर्षाला पाचशे किलो आणि वीस हजार रुपये वाचतात. ज्वारी-बाजरीची भाकरी भातापेक्षा हलकी पडते आणि ती आपल्या घरात परकी नाही.

टाकलेले अन्न हा दुहेरी तोटा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जात असल्याचा अंदाज आहे. चौघांचे दोन क्विंटलच्या वर. यात साली-देठही आले, पण शिळे आणि उरलेलेही आले. फोडणीची पोळी आणि शिळ्या भाताचे थालीपीठ करणारे घर या बाबतीत पुढे आहे. कचराडेपोच्या ढिगाखाली हवा न लागता कुजणारे अन्न मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. देवनार किंवा फुरसुंगीच्या डेपोला आगी लागतात त्यामागेही हाच वायू असतो.

घरी खत करायला भोके पाडलेली जुनी बादली आणि कोकोपीट, एवढे तीन-चारशे रुपयांत होते. तयार डबे दीड ते तीन हजारांत मिळतात. वास येत असेल तर ओल जास्त झाली आहे. सुका पाला किंवा भुसा घाला. जागा नसेल तर निदान ओला कचरा वेगळा द्या.

यावर पैसे घालवू नका

*'पॉवर सेव्हर' डबी.* प्लगमध्ये खोचा आणि बिल तीस टक्के कमी करा, अशी जाहिरात असते. किंमत दोनशे ते पाचशे. आत एक कपॅसिटर आणि एक दिवा. घरचे मीटर प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा मोजते, त्यावर या डबीने काही फरक पडत नाही. दिव्याची वीज मात्र लागते.

*फक्त पर्यावरणासाठी इंडक्शन.* हे अनेकांना खटकेल. एका सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १२५ युनिट लागतात: १,२५० रुपये आणि ८८ किलो. सिलिंडरचे ९०० आणि ४२. आजच्या ग्रिडवर गॅसच स्वस्त आणि स्वच्छ पडतो. छतावर सोलर असेल आणि दिवसा वीज शिल्लक राहत असेल तर हिशेब उलटतो, तेव्हा जरूर घ्या.

*चालती वस्तू काढून नवी.* मोबाइलचा बहुतेक धूर तो तुमच्या हातात येण्याआधीच झालेला असतो. दीड ते तीन हजारांत बॅटरी बदलून दोन वर्षे जास्त वापरणे हीच त्यातली मोठी बचत. फ्रिजचेही तेच. पंधरा-वीस वर्षांचा कुरकुरणारा फ्रिज बदला, सहा वर्षांचा धडधाकट राहू द्या.

लाखाची गोष्ट: छतावरचे सोलर

स्वतःचे छत असेल तर यापेक्षा मोठी उडी दुसरी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार अनुदान आहे, कमाल ७८ हजार. महाराष्ट्रात एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देते, पावसाळ्यात कमी. जागा साधारण १०० चौरस फूट, सावली नसलेली.

दोन किलोवॉटचा खर्च १.३ ते १.५ लाख, त्यातून ६० हजार वजा. हातचे ७० ते ९० हजार. वर्षाला २,७०० युनिट, म्हणजे १,९०० किलो. अनुदान काम पूर्ण झाल्यावर खात्यात जमा होते, त्यामुळे आधी पूर्ण रक्कम लागते. सरकारी बँका यासाठी विनातारण कर्ज देतात. पॅनेल भारतीय बनावटीचे नसतील तर अनुदान नाही, तेव्हा कोटेशनमध्ये तसे लिहून घ्या. सांगाड्याची उंची, गंजरोधक लेप, इन्व्हर्टरची वॉरंटी आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरचे काम कोण करणार हेही त्यात हवे. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवू नका. वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटला मिळणारा दर तुम्ही भरता त्याच्यापेक्षा बराच कमी असतो.

फ्लॅटवाल्यांची गच्ची सोसायटीची असते. तिथे लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या सामायिक मीटरसाठी यंत्रणा बसवता येते. त्याला किलोवॉटमागे १८ हजार अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत हा विषय मांडताना सामायिक बिलाची बारा महिन्यांची बेरीज घेऊन जा. पर्यावरणावरच्या भाषणापेक्षा मेंटेनन्स किती कमी होईल हा आकडा लवकर मंजूर होतो.

क्रम चुकवू नका

हे सगळे नमुना घराला लावून पाहू, त्यांना स्वतःचे छत आहे असे धरून. आधी फुकटच्या गोष्टी: सेट-टॉप डबा आणि गिझर मिळून २४० युनिट, कुकरचा सव्वा सिलिंडर, मोटारीचे १,५०० किलोमीटर बस आणि रेल्वेवर. मग दोन पंखे, सहा हजार, ३२० युनिट. विजेची गरज २,६४० वरून २,०८० वर आली. आता दोन किलोवॉटचे सोलर बसवले तर घर भागवून सहाशे युनिट उरतात आणि स्कूटर बदलायची वेळ येते तेव्हा घेतलेली इलेक्ट्रिक स्कूटर त्यातच चार्ज होते. हाच क्रम उलटा केला असता, म्हणजे काही न कमी करता आधी सोलर, तर स्कूटरसाठी काही उरले नसते आणि तिसरा किलोवॉट घ्यावा लागला असता.

एकूण खर्च: पंखे ६ हजार, सोलर ८५ हजार, स्कूटरच्या किमतीतला फरक २० हजार. एक लाख अकरा हजार. वर्षाची बचत: वीज स्थिर आकार वगळून २३ ते २४ हजार, स्कूटरचे पेट्रोल १६ हजार, मोटारीचे तिकिटे वजा जाता सात-साडेसात हजार, गॅसचे अकराशे. मिळून ४८ हजारांच्या आसपास. सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे परत, आणि साडेतीन टनांचे घर एका टनावर.

छत नसेल तर सोलर वगळून हिशेब करा. तरीही वर्षाला आठशे किलोंहून थोडे जास्त कमी होतात आणि खर्च सव्वीस हजारांवर येतो. फक्त वाचलेल्या पैशांतून चौघांची दिल्लीची विमानतिकिटे काढू नका. त्यातले आठशे किलो एका फेरीत परत येतात.